परदेशाच्या आधी कंधार

आमच्या बाजीची मुलगी आर्किटेक्टच्या चौथ्या वर्षाला आहे. शाळा नांदेडचीच, उर्दू माध्यमाची. अलिफ-बेपासून दहावीपर्यंत ती आमच्या डोळ्यांसमोर शिकली. गेल्या वर्षी तिच्या कॉलेजात एक माहितीपत्रक आलं. स्पेनमधल्या एका विद्यापीठात चार महिन्यांचा अभ्यासक्रम, विषय ऐतिहासिक वास्तुकला आणि वारसा पर्यटन. ग्रॅनडा, कॉर्डोबा, सेव्हिल ही गावं पायाखाली घालायची, इमारती मोजायच्या, त्या जपतात कशा आणि लोकांना दाखवतात कशा ते शिकायचं. उर्दूच्या पुस्तकांतून आम्ही या गावांना गरनाता, कुर्तुबा, इश्बीलिया म्हणून ओळखतो. मुलीचे डोळे लकाकले यात नवल नाही.

घरात मात्र रणधुमाळी माजली. सगळा खर्च धरून सात लाखांच्या वर जात होता. दुल्हेभाईंचं किराणा दुकान. बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळेल, पण व्याजाचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. तो आपल्या कुठल्या घरात उभा राहत नाही? केंद्र सरकारची 'पढो परदेश' नावाची योजना होती. अल्पसंख्याक मुलांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज तिच्यातून भरलं जाई. २०२२-२३ पासून तीही बंद झाली. दादीजानचा मुद्दा वेगळाच: "पोरगी एकटी फिरंग्यांच्या मुलखात जाऊन पडक्या भिंती बघणार? भिंती इथं कमी आहेत का?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना.

अर्जासोबत आपल्या भागातल्या एका जुन्या वास्तूचा अभ्यास, रेखाटनांसह जोडायचा होता. भाचीनं औरंगाबादचा बीबी का मकबरा निवडला होता. आम्ही विचारलं, कंधार का नाही? ती म्हणाली, "खाला, कंधार में क्या है?" नांदेडपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास, आणि वीस वर्षांच्या मुलीनं पाहिलेलं नाही! तिला बोल लावण्याआधी आम्ही स्वतःलाच विचारलं, आपण किती वर्गांना तिथं नेलं? उत्तर लाजिरवाणं होतं. आमच्या सहली औरंगाबादला जातात, हैदराबादला जातात. कंधारला फार तर उरुसाला जाणं व्हायचं.

मग दिवाळीच्या सुट्टीत ठरवलंच. आम्ही दोघं, बाजी आणि भाची, चौघं जण गाडीनं निघालो. कंधार, उदगीर, लातूर, औसा असा तीन दिवसांचा बेत. दादीजाननं डब्यात तहारी भरून दिली आणि बजावलं, "भिंतीवर चढू देऊ नका तिला."

नांदेडमधून बाहेर पडताना मुलीला दोन गोष्टी दाखवल्या. एक हुजूर साहिब. गुरू गोविंदसिंगजी इथं १७०८ मध्ये निजधामाला गेले. आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. पंजाबातून, कॅनडातून, इंग्लंडातून माणसं येतात. त्यांना उतरायला जागा आहे, जेवायला लंगर आहे, रस्ता विचारावा लागत नाही. दुसरी गोष्ट गोदावरीकाठचा नंदगिरी किल्ला. त्याच्या आत शहराच्या पाणीपुरवठ्याची टाकी आहे, म्हणून लोक त्याला टाकीवरूनच ओळखतात. इतक्या पाहुण्यांपैकी किती जणांना गोदावरीकाठच्या या किल्ल्याची वाट कुणी दाखवली असेल? वारसा पर्यटनाचा पहिला धडा आमच्या मते इथंच होता. माणसं श्रद्धेनं येतात, पण त्यांना राहावंसं वाटतं ते कुणीतरी त्यांची वाट पाहत असतं म्हणून.

कंधारचा किल्ला डोंगरावर नाही. मन्याड नदीच्या खोऱ्यात, सपाटीवर बसलेला भुईकोट. आधी दिसतो तो खंदक, आणि पावसाळा नुकताच संपल्यानं त्यात पाणी होतं. त्यामागे तट, त्यामागे आणखी एक तट, आणि दरवाजे असे वळणावर की आत शिरणाऱ्याला सरळ धाव घेताच येऊ नये. भाचीनं टेप काढला आणि कामाला लागली. आम्ही सावली शोधली.

या गावाचं वय विचाराल तर राष्ट्रकूटांपर्यंत जावं लागतं. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला एक शिलालेख इथं सापडला. त्यात देवळं, सभागृहं, अन्नछत्र आणि 'जगत्तुंग समुद्र' नावाचा तलाव यांचा उल्लेख आहे. तलाव आजही आहे. गावाजवळ एका प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे तुकडे सापडले. नुसतं पाऊल पाहिलं तरी मूर्ती केवढी उंच असेल याची कल्पना येऊन छाती दडपते. त्यानंतर काकतीय, यादव, बहमनी, निजामशाही, मोगल, शेवटी हैदराबाद संस्थान. जो आला त्यानं आधीच्याचा दगड उचलून आपल्या भिंतीत घातला. तटात एके ठिकाणी नक्षीचा दगड उलटा बसलेला दिसला तेव्हा बाजी हळूच म्हणाली, "याला काय म्हणायचं, तोडलं की जोडलं?" भाचीनं त्याचं चित्र काढलं, उत्तर दिलं नाही. आम्हालाही सुचलं नाही. पूर्वी होऊन गेलेल्यांच्या वस्त्या हिंडून पाहा, अशी ताकीद कुरआनात वारंवार येते. अशा पाहण्यात सगळंच सुखाचं असेल असं कुठं म्हटलंय?

इथं एक गंमत सांगायलाच हवी. अभ्यासक्रमाच्या वाचन-यादीत एक मोगल चित्र होतं. शाहजहानच्या 'पादशाहनामा'तलं, पयाग नावाच्या चित्रकाराचं, 'कंदहारचा वेढा'. तोफा, धूर, तटाला भिडलेलं सैन्य. भाचीनं ते फोनमध्ये जपून ठेवलं होतं आणि तिची समजूत होती की हे अफगाणिस्तानातलं कंदहार. आम्ही साल विचारलं. मे १६३१. म्हटलं, बेटा, १६३१ मध्ये अफगाणी कंदहार इराणच्या शाहाकडे होतं, तिथं मोगलांचा वेढा कुठला? त्या साली नासिरी खानानं वेढा घालून घेतलं ते हे, आपलं कंधार. ज्या दगडावर तू बसलीस त्याचं चित्र आहे हे! ती हस्तलिखित पोथी अवधच्या नवाबाकडून १७९९ मध्ये इंग्लंडच्या राजाला भेट गेली आणि आज विंडसरच्या राजवाड्यात आहे. म्हणजे आमचं कंधार आमच्या मुलीच्या आधी परदेशी जाऊन बसलं. ती फोनकडे आणि तटाकडे आळीपाळीनं पाहत राहिली, चांगली पाच मिनिटं.

पण खरी गोष्ट घडली दुपारी. तटात बसवलेली एक कोरीव पाटी होती. तिथं दोन तरुण सेल्फी काढत होते. त्यातल्या एकानं आम्हाला विचारलं, "हे काय नक्षी आहे का?" भाची जवळ गेली, ओढणीच्या टोकानं धूळ झटकली आणि थबकली. "खाला! ये तो पढने आरा!"

नक्षी नव्हती ती, लिपी होती. आपली लिपी. अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढवलेली, नुक्ते गाळलेले, काही झिजलेली. तरी शब्द सुटे होऊ लागले. आधी अल्लाहचं नाव. मग 'सन'. मग एक आकडा, मग पुन्हा धुकं. भाषा फारसी होती, पण फारसीतले निम्मे शब्द उर्दूवाल्याच्या ओळखीचेच. चौघांनी चार बाजूंनी वाकून अर्धा तास घालवला. ते दोन तरुणही थांबले. त्यातला एक म्हणाला, "ताई, मॅडम, हे शिकायला किती दिवस लागतात?" आम्ही म्हटलं, आमच्या शाळेत पहिलीपासून शिकवतात, फुकट.

वीस-बावीस वर्षं आम्ही उर्दू शिकवतो आहोत. पालक येतात आणि विचारतात, मॅडम, उर्दूनं काय होणार? सेमी-इंग्लिशला टाकतो. मुलं गळतात, तुकड्या कमी होतात. आम्ही त्यांना शायरीबद्दल सांगतो, दीनबद्दल सांगतो, आणि मनातून जाणतो की बापाला उत्तर मिळालेलं नाही. त्या दिवशी कंधारच्या उन्हात एक उत्तर सापडलं. मराठवाड्याच्या किल्ल्यांवर, मशिदींवर, बारवांवर शेकडो वर्षांपूर्वी जे लिहून ठेवलंय ते ज्या लिपीत आहे, ती आमच्या पाचवीतल्या पोराला येते. दुसऱ्याला ती कॉलेजात जाऊन नव्यानं शिकावी लागेल.

हे काम नवीन नाही. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख गुलाम यझदानी. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी या मुलखातले लेख ठसे घेऊन वाचले, छापले. पुढे स्वतंत्र भारतात त्यांना पद्मभूषण मिळालं. आणि आजही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची जी शाखा आहे, तिचं मुख्यालय कुठं असेल? दिल्लीत नाही, हैदराबादेत नाही. नागपुरात! डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारखा विद्वान तिथं संचालक होता. आमच्यासारख्या उर्दू शिक्षकांना हे चाळिशीत कळावं, याला काय म्हणावं?

निघताना हजरत हाजी सय्याह सरवरे मखदूम रहमतुल्लाह अलैह यांच्या दर्ग्यात फातिहा पढली. 'सय्याह' म्हणजे प्रवासी, मुलूख हिंडणारा. पर्यटनाला उर्दूत सियाहत म्हणतात, तो शब्द याच मुळाचा. बाजी तिथं बराच वेळ डोळे मिटून बसली होती. काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही.

उदगीरला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. इथला किल्ला दरीच्या कडेला आहे, त्यामुळे तीन बाजूंना निसर्गानंच खंदक खोदल्यासारखं वाटतं. उरलेल्या बाजूला माणसांनी तो खोल खोदला. आत उदागीर बाबांची समाधी आहे, गावाचं नाव त्यांच्यावरून पडलं असं सांगतात. महालांच्या भिंतींवर फारसी-अरबी लेख आहेत आणि ते कंधारपेक्षा ठसठशीत आहेत. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजेनं उदगीर आणि औसा घेतलं, सेनापती खान दौरान. हा खान दौरान म्हणजेच आधीचा नासिरी खान, किताब बदललेला. न ठरवता आम्ही त्याच्याच मागावर फिरत होतो.

उदगीर म्हटलं की शाळेतल्या मुलांना १७६० ची लढाई आठवते. सदाशिवराव भाऊंनी निजामाचा पराभव केला, तह झाला, साठ लाखांचा मुलूख मिळाला. धड्यात एवढंच येतं. शेवटचा तडाखा औशाच्या बाजूला बसला आणि तो देणाऱ्या तोफा होत्या इब्राहिमखान गारद्याच्या, हे वर्गात सांगितलं की मुलं कान टवकारतात. हा माणूस आधी निजामाच्या चाकरीत फ्रेंच कवायत शिकला, मग पेशव्यांकडे आला, आणि पुढल्याच वर्षी पानिपतावर भाऊंच्या बाजूनं लढताना पकडला जाऊन मारला गेला. आमच्या मुलांना कधी कुणी विचारतं, तुम्ही त्या वेळी कुठल्या बाजूला होता? आम्ही त्यांना म्हणतो, उदगीरचा नकाशा काढा आणि सगळ्या बाजूंना कोण कोण होतं ते लिहा.

उदगीरला तारखा वाचायचा छोटा वर्गच भरला. हिजरी वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सरळ आकडा मिळवून चालत नाही. हिजरी सनाला ०.९७ नं गुणायचं आणि ६२२ मिळवायचे, की इसवी सन जवळपास येतो. हे झालं सोपं. पण दख्खनमध्ये शुहूर सनही चालायचा. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. हाच सन मराठ्यांच्या कागदपत्रांतही असतो, मोडीत 'सलास', 'अर्बा', 'खमस' असे अरबी आकडे लिहिलेला. म्हणजे अरबी येणाऱ्याला मोडी कागदाचं साल कळतं. शिवाय कुठं कुठं कवीनं साल शब्दात लपवलेलं असतं. अलिफचा १, बेचे २, जीमचे ३, दालचे ४ अशा अबजदच्या हिशेबानं ओळीतली अक्षरं मोजली की वर्ष बाहेर येतं. ७८६ सगळ्यांना ठाऊक असतं, त्याच हिशेबाचा हा मोठा भाऊ. बाजी, जिला गणिताचा कंटाळा, तिनं किराण्याच्या वहीत जोडतात तशी बेरीज करून दाखवली.

रात्री लातूरला नातेवाइकांकडे उतरलो. घरातले चचा मिस्त्री आहेत, आयुष्य बांधकामात गेलं. भाचीनं किल्ल्याच्या भिंतीचं चित्र दाखवल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "ही भिंत उभी का, आणि किल्लारीची पडली का, सांग."

खोलीत एकदम शांतता झाली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची रात्र, दमलेली माणसं गाढ झोपलेली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो; नांदेडला भांडी वाजली आणि अब्बांनी आम्हा सगळ्यांना अंगणात ओढलं, एवढं आठवतं. औसा, उमरगा या तालुक्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. चचा तेव्हा ढिगारे उपसायला गेले होते. ते सांगत होते आणि भाची लिहीत होती.

"भिंती दोन-अडीच हात जाड. लोकांना वाटायचं, जाड म्हणजे भक्कम. पण आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये माती-खडे. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. सांधा मातीचा. वर धाब्याची हातभर माती. जमीन हलली, भिंत पोट फुगल्यासारखी दुभंगली आणि वरचं सगळं खाली. लाकडी खांब बऱ्याच ठिकाणी उभेच होते बघ. किल्ल्यात दगड घडवून बसवलाय, सांध्यात चुना आहे. बैलाच्या घाणीत दिवसदिवस मळलेला. तो दगडाला धरतो आणि थोडा लवतोही." मग थांबून म्हणाले, "आता दुरुस्तीला गेलं की लोक सिमेंट लावतात. सिमेंट कडक, ओल आत कोंडते, मग दगडच सोलून निघतो. चुन्याचं काम येणारे मिस्त्री आता बोटावर मोजण्याइतके. मला येतं. मला कुणी विचारत नाही."

भूकंपानंतर या भागात लोक दगडी घरात झोपायला घाबरू लागले. चांगले, चुन्यात बांधलेले वाडेही त्या भीतीत गेले. स्पेनच्या अभ्यासक्रमात हा धडा असेल की नाही कोण जाणे. चचांच्या ओट्यावर मात्र तो दीड तास चालला, आणि फी म्हणून त्यांनी फक्त दादीजानची तहारी खाल्ली.

औसा लातूरहून वीस किलोमीटरवर. हा किल्ला लांबून दिसतच नाही, कारण तो खोलगट जागेत आहे. किल्ल्याच्या उंच बुरुजावरून मैलोन् मैल दिसतं, आणि येणाऱ्या फौजेला मात्र अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही की समोर किल्ला आहे. भाचीला हे इतकं आवडलं की ती रस्त्यावर मागे-पुढे चालत नेमका कुठं तट डोळ्यात येतो ते मोजत बसली. हिजरी १०१४ मध्ये मलिक अंबरनं औसा जिंकलं आणि त्याचं नाव अंबरपूर ठेवलं, असं गॅझेटियर सांगतं. कालचा हिशेब लावा, १६०५ येतं. हबशाच्या मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला पोर दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा आधार झाला. बिदरला १४७२ मध्ये मदरसा उभारणारा महमूद गवान इराणच्या गिलानमधून आलेला. कुठून कुठून माणसं या काळ्या मातीत आली, शिकली, शिकवून गेली. तेव्हा परदेशी शिक्षणासाठी लोक आमच्याकडे येत, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

किल्ल्यात बारवेला लागून जमिनीखालचा जलमहाल आहे. बाहेर ऊन, आत माठासारखा गारवा. तिथं पायरीवर बसून बाजीनं पहिल्यांदा विषय काढला. "तू तिकडं जाऊन काय शिकशील, जे इथं नाही?"

भाची म्हणाली, "अम्मी, अलहम्ब्राच्या भिंतींवरसुद्धा अरबी लिहिलंय. तिथं रोज किती माणसं आत सोडायची ते ठरलेलं आहे, म्हणजे भिंतीला त्रास नको. तिकिटाच्या पैशातून दुरुस्ती होते. कोणता शब्द कुठल्या भिंतीवर, सगळं मोजून मांडलंय. आपल्याकडे वाचणारे आहेत, चचांसारखे बांधणारे आहेत, पण मांडणी नाही. ती शिकून येते."

"आणि येशील?"

"कंधार कुठं जातंय?"

बाजी बोलली नाही. वर येताना तिनं मुलीचा टेप आपल्या पर्समध्ये ठेवला, हरवू नये म्हणून.

परतल्यावर बीबी का मकबऱ्याचा कागद बाजूला पडला आणि कंधारच्या तटाचा अभ्यास अर्जासोबत गेला. पैशाचं अजून पुरतं ठरलेलं नाही. दुल्हेभाईंनी व्याजाचं कर्ज नको म्हणून दुकानामागची जागा भाड्यानं द्यायचं काढलंय, दोन मामांनी बिनव्याजी हात उसने द्यायचं कबूल केलंय. दादीजान म्हणतात, आधी नागपूरला जाऊन ये, ते जवळ आहे. त्यावर भाचीनं नागपूरच्या शाखेला पत्र लिहिलं, ते आम्ही तपासून दिलं. विद्यापीठाचं उत्तर या महिन्याअखेर अपेक्षित आहे.

कंधारच्या पाटीचा फोटो आम्ही मोठा करून वर्गात लावला आहे. सनानंतरचा एक शब्द काही केल्या लागत नाही. नववीच्या मुलांनी त्याची चार वेगवेगळी वाचनं काढली. मौलवी साहेबांना दाखवलं, तर ते पाचवं सांगतात आणि वर म्हणतात, मूळ दगड बघितल्याशिवाय खात्रीनं सांगणार नाही. पुढच्या जुम्याला त्यांना आणि त्या चार मुलांना घेऊन कंधारला जायचं ठरलंय.